‘मी डावा’, ‘मी उजवा’ म्हणण्याआधी: आपली राजकीय मतं नेमकी कशी मांडायची

कुणी राजकीय मत विचारलं की उत्तर बहुधा एका शब्दात येतं. डावा, उजवा, उदारमतवादी, राष्ट्रवादी, समाजवादी, नाहीतर ‘आपण कुठल्याच बाजूचे नाही’. विचारणाऱ्याला वाटतं, कळलं. खरं तर त्याला एवढंच कळलेलं असतं की या माणसाला कोणत्या गोटात गणलेलं चालेल. वारशाने आलेल्या संपत्तीवर कर असावा का, एखाद्याचा फोन ऐकायची परवानगी पोलिसांना कोणी द्यायची, आजारी माणसाच्या उपचाराचा खर्च कोणी उचलायचा, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या शब्दातून खात्रीने काढता येत नाही.

शिक्का असण्यात वाईट काही नाही. अडचण ही की तो आधी मारला जातो आणि मतं मागाहून त्याच्या मापाने कापली जातात. क्रम उलटा करायला हवा. आधी मतं सुटी करून बघायची, मग त्यांना कुठला शब्द बसतो ते पाहायचं. नाहीच बसला तर शब्द सोडून द्यायचा, मतं नव्हे.

एका खुंटीवर टांगलेलं सगळं

डावे-उजवे ही जोडी १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत जन्माला आली. कायदे अडवण्याचा नकाराधिकार राजाला द्यावा का, यावर वाद चालू होता. द्यावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, विरोधक डाव्या हाताला. म्हणजे मुळात प्रश्न एकच होता: राजाच्या हातात किती सत्ता ठेवायची. पुढच्या दोनशे वर्षांत त्याच एका खुंटीवर मालमत्ता, धर्म, व्यापार, कामगार, वसाहती, स्त्रियांचे हक्क, पर्यावरण, स्थलांतर असं सगळं टांगलं गेलं.

हे विषय नेहमी ठरल्या बाजूलाच पडतात असंही नाही. जर्मनीत सक्तीचा आरोग्य विमा १८८३ मध्ये, अपघात विमा १८८४ मध्ये आणि वृद्धांचं निवृत्तिवेतन १८८९ मध्ये आलं, ते परंपरावादी चान्सलर बिस्मार्कच्या काळात. याच बिस्मार्कने १८७८ च्या कायद्याने समाजवाद्यांच्या सभा आणि वृत्तपत्रं बंद पाडली होती. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था १९७० मध्ये उभी राहिली, ती उजवीकडच्या रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कारकिर्दीत. आणि १९८४ नंतर न्यूझीलंडमध्ये शेतीची अनुदानं कापून, सरकारी खात्यांच्या कंपन्या करून बाजार खुला केला तो डावीकडच्या मजूर पक्षाने. शिक्क्यावरून धोरण ओळखायला जाणाऱ्याचा अंदाज या तिन्ही ठिकाणी चुकला असता.

शब्द सीमा ओलांडतो तेव्हा तर अर्थच पालटतो. अमेरिकेत ‘लिबरल’ म्हणजे सरकारने गरिबांसाठी जास्त खर्च करावा असं मानणारा. युरोपात तोच शब्द बऱ्याचदा कमी कर आणि खुला बाजार मागणाऱ्याला लावतात. ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष, स्थापना १९४४, उजवीकडे झुकलेला आहे. जपानचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष, स्थापना १९५५, परंपरावादी गणला जातो. ‘सेक्युलर’चंही तेच. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हं घालून यायला विद्यार्थ्यांना बंदी केली आणि ती धर्मनिरपेक्षतेच्या नावाने केली. अमेरिकेत धर्म आणि राज्य वेगळे ठेवण्याचं तत्त्व १७९१ पासून राज्यघटनेत आहे, पण तिथे असा सरसकट नियम त्याच घटनेच्या आड येईल. दोन्हीकडचे लोक स्वतःला सेक्युलर म्हणवतात आणि आपापल्या जागी बरोबर असतात.

मराठीत आणखी एक गंमत आहे. इंग्रजी बोलणारा माणूस ‘मी कॉन्झर्व्हेटिव्ह आहे’ असं ताठ मानेने सांगतो. आपल्याकडे ‘मी पुराणमतवादी आहे’ असं कोणी म्हणत नाही, कारण तो शब्द दुसऱ्याला मारायचा आहे. उलट ‘उदार’ या शब्दात मोठ्या मनाचा भाव आधीच भरलेला असल्याने उदारमतवादी व्हायला कोणाची ना नसते. म्हणून भाषांतरित प्रश्नावलीत हे दोन पर्याय शेजारी ठेवले की तराजू आधीच एका बाजूला कललेला असतो. ‘बदल सावकाश आणि पारखून व्हावेत’ असं वाक्य दिलं तर अनेकांना ते आपलं वाटेल, आणि तेच परंपरावादाचं गाभ्यातलं म्हणणं आहे.

एका मतात किमान चार थर

कुठलंही राजकीय मत चिरून पाहिलं तर त्यात चार गोष्टी निघतात. मूल्य: काय चांगलं, काय न्याय्य. समजूत: जग कसं चालतं, काय केल्याने काय होतं. उपाय: कोणता कायदा, कोणता कर, कोणती बंदी. आणि आपलेपणा: हे मत ज्यांचं आहे ते लोक माझे आहेत का.

किमान वेतन घेऊ. ‘पूर्ण वेळ राबणाऱ्या माणसाचं घर त्याच्या कमाईत चालावं’ हे मूल्य. ‘वेतन वाढवलं तर मालक माणसं कमी करतील’ किंवा ‘नाही करणार’ ही समजूत. ‘वेतन इतकं ठेवा, दर वर्षी महागाईप्रमाणे वाढवा’ हा उपाय. आणि ‘ही कामगार संघटनांची मागणी आहे, म्हणून मी बाजूने’ किंवा ‘म्हणूनच विरोधात’ हा आपलेपणा. दोन माणसं पहिल्या थरावर पूर्ण सहमत असून दुसऱ्यावर वेगळी असू शकतात आणि त्यामुळे तिसऱ्यावर एकमेकांना गरिबांचे वैरी समजू शकतात. त्यांचा वाद नीतीचा नाहीच, रोजगाराच्या आकड्यांचा आहे. तो आकडे पाहून निदान पुढे तरी सरकेल. मूल्यांचा वाद आकड्यांनी सुटत नाही. तिथे फक्त ‘तुला हे जास्त मोलाचं, मला ते’ एवढं स्पष्ट करता येतं, आणि तेही थोडं नाही.

चौथा थर सगळ्यांत कमी बोलला जातो आणि सगळ्यांत जास्त काम करतो. अमेरिकेत लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल यांनी १९६७ मध्ये दाखवलं की सरकारी खर्चाच्या योजनांना एकेक करून पाठिंबा देणारे कितीतरी लोक सर्वसाधारण तत्त्व विचारलं की सरकारी हस्तक्षेपाच्या विरोधात बोलतात. त्यांचा शिक्का एका बाजूचा, यादी दुसऱ्या बाजूची. याला दुटप्पीपणा म्हणायची घाई नको. शिक्का ‘मी कोणाचा’ या प्रश्नाला उत्तर देतो आणि यादी ‘मला काय हवं’ या प्रश्नाला. प्रश्नच दोन आहेत.

मोठे शब्दही असेच चिरावे लागतात. ‘स्वातंत्र्य’ म्हटलं की मराठीत शब्दयोगी अव्यय विचारायचं: कशापासून, की कशासाठी? सरकारने माझ्या वाटेत येऊ नये हे ‘-पासून’चं स्वातंत्र्य. शिकायला, फिरायला, धंदा काढायला लागणारी साधनं माझ्या हाती असावीत हे ‘-साठी’चं. विचारवंत इसाया बर्लिन यांनी १९५८ च्या व्याख्यानात जवळपास असाच फरक मांडला होता. ‘समता’ म्हटलं तर कायद्यापुढची, संधीची की मिळकतीची? तिन्हींना एकच शब्द आहे, आणि पहिली मानून तिसरी नाकारणारे लोक जगात भरपूर आहेत.

ऑनलाइन चाचण्या काय मोजतात, काय सोडतात

एका रेषेचा तोकडेपणा ओळखून विसाव्या शतकात दुसरी रेष जोडली गेली. अमेरिकेत डेव्हिड नोलन यांनी १९७१ मध्ये आर्थिक स्वातंत्र्य आणि वैयक्तिक स्वातंत्र्य असे दोन अक्ष असलेला तक्ता प्रसिद्ध केला. आज नेटवर फिरणाऱ्या बहुतेक चाचण्या त्याच धाटणीच्या: आडवा अक्ष अर्थकारणाचा, उभा अक्ष सत्ता आणि मोकळीक यांचा. एका रेषेपेक्षा हे बरं. पण शेवटी तुमची जागा म्हणून तक्त्यावर दाखवल्या जाणाऱ्या ठिपक्यावर विश्वास ठेवण्याआधी तो कसा बनतो ते पाहायला हवं.

प्रत्येक विधानाला ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पर्याय असतात. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. उत्तरांना गुण देतात आणि बेरीज किंवा सरासरी काढतात. पहिला घोटाळा इथेच: बहुतेक चाचण्यांत सगळ्या विधानांचं वजन सारखं असतं. तुम्ही ज्यासाठी रस्त्यावर उतराल तो प्रश्न आणि ज्यावर आयुष्यात पाच मिनिटं विचार केला नाही तो प्रश्न, दोघांनाही तितकेच गुण. दुसरा घोटाळा मान डोलावण्याचा. विधान कुठलंही असो, ‘सहमत’ म्हणण्याकडे माणसाचा थोडा कल असतो. म्हणून चांगल्या प्रश्नावलीत निम्मी विधानं उलट्या बाजूने लिहिलेली असतात. नसतील तर ठिपका प्रश्न लिहिणाऱ्याच्या बाजूला सरकतो.

तिसरा घोटाळा शब्दांचा, आणि तो भलताच मोठा असू शकतो. १९४० मध्ये अमेरिकेत निम्म्या लोकांना विचारलं, लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का’, आणि निम्म्यांना विचारलं, ती ‘बंद करावीत का’. ‘माहीत नाही’ म्हणणारे वगळले तर परवानगी देऊ नये म्हणणारे ७५ टक्के निघाले आणि बंदी घालावी म्हणणारे ५४ टक्के. व्यवहारात दोन्हींचा अर्थ एकच, पण बंदी घालणं हाताला जड वाटतं. तसंच सरकारी खर्चाचं. अमेरिकेतल्या सर्वसाधारण सामाजिक सर्वेक्षणात ‘गरिबांना मदत’ म्हणून विचारलं की ६० टक्क्यांहून जास्त लोक खर्च अपुरा आहे म्हणतात. त्याच गोष्टीला ‘वेल्फेअर’ म्हटलं की तसं म्हणणारे चौथाईच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतात.

चौथा: जोडविधानं. ‘कर कमी करून सरकारने लोकांना मोकळीक द्यावी’ यात दोन मतं आहेत. एक पटलं, दुसरं नाही, तर काय टिचकी मारणार? आणि पाचवा, माझ्या मते सगळ्यांत गंभीर: विधानांना किंमत जोडलेली नसते. ‘सर्वांना मोफत उच्च शिक्षण हवं’ याला हो म्हणायला काहीच लागत नाही. ‘त्यासाठी माझा कर वाढला तरी हवं’ याला लागतं.

या सगळ्यात जरा प्रामाणिक प्रकार म्हणजे पक्षांची आणि मतदाराची उत्तरं समोरासमोर ठेवणारी साधनं. नेदरलँड्समध्ये १९८९ मध्ये ‘स्टेमवायझर’ आलं, जर्मनीत २००२ मध्ये ‘वाल-ओ-मात’. जर्मन साधनात सहसा ३८ विधानं असतात. पक्ष स्वतः त्यांची उत्तरं देतात. तुमचं आणि पक्षाचं उत्तर जुळलं तर दोन गुण, एक जण तटस्थ असेल तर एक, उलटं असेल तर शून्य; आणि एखादं विधान महत्त्वाचं वाटलं तर त्याचं वजन दुप्पट करता येतं, नको असेल तर ते गाळता येतं. तुम्ही ‘कोण’ आहात हे ते सांगत नाही. अमुक पक्ष अमुक प्रश्नांवर तुमच्या किती जवळ आहे, एवढंच सांगतं. म्हणून ते उपयोगी आहे.

कागदावर करायचं काम

दीड-दोन तास काढा. ठरावीक विचारसरणीतले नव्हेत, तर ज्यावर कुठल्याही सरकारला निर्णय घ्यावाच लागतो असे दहा ते बारा प्रश्न घ्या. आयकराचे टप्पे, वारसा कर, आरोग्यसेवेचा खर्च, शाळा कोणी चालवाव्यात, भाषणस्वातंत्र्याची मर्यादा, पोलिसांचे पाळत ठेवण्याचे अधिकार, परदेशातून स्थलांतर, आयातीवरचं शुल्क, धर्म आणि सरकार यांचं नातं, ऐतिहासिक अन्यायाची भरपाई, प्रदूषणाचा खर्च कोणावर, केंद्राकडे किती आणि स्थानिक संस्थांकडे किती. यातले दोन-तीन बदलले तरी चालतील. मात्र नुसते आवडीचे घेऊ नका. ज्यावर बोलायचं टाळता तो एक तरी हवा.

प्रत्येकाखाली पाच ओळी लिहा. काय व्हावं. ते कोणी करावं: संसद, न्यायालय, पालिका, बाजार, कुटुंब, की कोणीच नाही. त्याबदल्यात काय गमवायला तयार आहात. अपवाद कुठला. आणि शेवटी दोन आकडे: हा प्रश्न माझ्यासाठी दहापैकी किती महत्त्वाचा, आणि मला माझ्या उत्तराची दहापैकी किती खात्री.

हे दोन आकडे वेगळे ठेवणं फार गरजेचं आहे. लोक त्यांची गल्लत करतात: विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून उत्तरही पक्कं आहे असं धरून चालतात. महत्त्व ९ आणि खात्री ४ असा प्रश्न तुमच्या यादीत निघाला तर वाचन कुठे करायचं ते कळलं. महत्त्व २, खात्री ९ असेल तर ते मत बहुधा उसनं आहे.

‘कोणी करावं’ ही ओळ वगळली की अर्धी विचारसरणी गळते. दोन माणसांना दारूबंदी हवी असेल, पण एकाला ती कायद्याने हवी आणि दुसऱ्याला लोकांच्या समजुतीने, तर त्यांचं राजकारण एक नाही. ‘हे वाईट आहे’ आणि ‘हे सरकारने थांबवावं’ यांच्या मधे एक मोठी पायरी आहे. ती कुठे चढता आणि कुठे नाही याची नोंद तुमच्या उदारमतवादाबद्दल कुठल्याही ठिपक्यापेक्षा जास्त सांगेल.

‘बदल्यात काय’ या ओळीत बहुतेकांची लेखणी थांबते. थांबली तर दोन मूल्यं एकमेकांवर आदळवा. निर्दोष माणूस तुरुंगात जाणं आणि दोषी सुटणं, यातलं कुठलं जास्त टाळायचं? पाळत वाढवल्याने गुन्हे थोडे कमी होणार असतील तर किती कमी झाले म्हणजे ती चालेल? ‘दोन्ही हवं’ हे उत्तर नाही. ती इच्छा आहे, आणि ती सगळ्यांचीच असते.

आता मतांना धक्का देऊन बघा

यादी तयार झाली की तीन तपासण्या.

पहिली अदलाबदलीची. ‘सरकारला हा अधिकार असावा’ असं लिहिलं असेल तिथे मनातल्या मनात तुम्हाला सर्वांत नावडत्या पक्षाचं सरकार बसवा. अजूनही अधिकार असावा असं वाटतं? बदललं असेल तर ते मत अधिकाराबद्दल नव्हतं, तो सध्या कोणाच्या हातात आहे याबद्दल होतं. आणीबाणीचे अधिकार, वृत्तवाहिन्यांवरचं नियंत्रण, न्यायाधीशांच्या नेमणुका या तीन जागी ही तपासणी हमखास काहीतरी बाहेर काढते.

दुसरी, कसं ते सांगण्याची. ‘का हवं’ हे आपण सहज बोलतो. ‘हे केल्यावर पायरीपायरीने काय होईल’ हे लिहा. घरभाड्यावर कमाल मर्यादा घातली. आज राहणारा भाडेकरू टिकतो, ही पहिली पायरी. मग घरमालक काय करतो? डागडुजी टाळतो, घर विकतो, की मुकाट भाडं घेत राहतो? नवीन माणूस शहरात आला तर त्याला घर कुठे मिळतं? सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये नियंत्रण लहान इमारतींनाही लागू झालं. त्याच्या अभ्यासात दोन्ही गोष्टी दिसल्या: नियंत्रणाखालचे भाडेकरू जास्त काळ टिकले, आणि त्या इमारतींमधली भाड्याची घरं सुमारे १५ टक्क्यांनी घटली. भाडेनियंत्रण चूक की बरोबर हे यातून ठरत नाही. आधीच्या भाडेकरूला जास्त मोल द्यायचं की उद्या येणाऱ्याला, हा मूल्याचा प्रश्न मात्र उघडा पडतो.

या तपासणीबद्दल २०१३ मध्ये अमेरिकेत एक गाजलेला प्रयोग झाला. धोरण कसं चालेल हे समजावून सांगायला लावलं की लोकांना आपली समज वाटली होती त्यापेक्षा तोकडी असल्याचं जाणवलं, आणि त्यांची मतंही सौम्य झाली. यातला पहिला निष्कर्ष मजबूत आहे. मतं सौम्य होण्याचा भाग पुढे पुन्हा करून पाहणाऱ्यांना नीटसा सापडला नाही. म्हणजे ही तपासणी तुम्हाला मवाळ करेल अशी हमी नाही. खात्रीचा आकडा मात्र सुधारून घ्यावा लागेल.

तिसरी तपासणी सगळ्यांत सोपी, आणि तीच लोक करत नाहीत: लिहिलेलं दोन आठवडे बाजूला ठेवायचं, मग जुनी उत्तरं न बघता नव्याने लिहायची. फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये याच प्रकारची आकडेवारी मांडली. १९५६, १९५८ आणि १९६० असं तीनदा त्याच लोकांना विचारलं होतं, वीज आणि घरबांधणी सरकारने खाजगी उद्योगांवर सोडावी का. कित्येकांची उत्तरं अशी फिरली, जणू दर वेळी नाणं उडवलं होतं. मत नव्हतंच, विचारल्यावर तयार केलं होतं. २०१० च्या निवडणुकीआधी स्वीडनमधल्या संशोधकांनी आणखी खोडसाळ प्रयोग केला. मतदारांनी भरलेल्या उत्तरांत हातचलाखीने उलटी उत्तरं घुसवली आणि मग त्यांनाच ती समजावून सांगायला लावली. बदललेल्या उत्तरांपैकी फार तर २२ टक्के पकडली गेली. बाकी ठिकाणी माणसं आपल्या विरुद्ध मताचं समर्थन करत राहिली. आपली मतं आपल्याला पाठ आहेत असं वाटत असेल तर हा आकडा लक्षात ठेवावा. कागद त्यासाठी.

‘मी मध्यममार्गी’ याचे तीन अर्थ

युरोपीय सामाजिक सर्वेक्षणात स्वतःला ० ते १० या पट्टीवर ठेवायला सांगतात. ० म्हणजे डावं टोक, १० उजवं. ५ वर खूप गर्दी असते. पण तिथे तीन वेगळी माणसं उभी असतात. एकाची प्रत्येक प्रश्नावर खरंच मधली भूमिका आहे. दुसरा करांच्या बाबतीत कडवा डावा आणि स्थलांतराच्या बाबतीत कडवा उजवा आहे. त्याची सरासरी ५ येते, तो स्वतः कुठेच मधे नाही. तिसऱ्याला राजकारणात रस नाही किंवा सांगायचं नाही. तुम्ही स्वतःला मध्यममार्गी म्हणणार असाल तर तिन्हींपैकी कोण ते पुढच्याच वाक्यात सांगा. दुसऱ्या प्रकारच्या लोकांनी तर हा शब्द वापरूच नये. तो त्यांची दोन्ही मतं झाकतो.

शेवटी लिहायचं ते

साधारण असं वर्णन सर्रास वाचायला मिळतं: ‘मी उदारमतवादी आहे, पण अतिरेक पटत नाही. देशहित सर्वांत आधी. भ्रष्टाचार संपला पाहिजे आणि गुणवत्तेला न्याय मिळाला पाहिजे.’ यात चूक काही नाही, माहितीही काही नाही. प्रत्येक वाक्य उलटं करून बघा. ‘भ्रष्टाचार वाढला पाहिजे’ असं कोणी म्हणेल? नाही ना? मग ते वाक्य कापा. जे वाक्य उलटं केल्यावरही एखादा शहाणा माणूस छातीठोकपणे म्हणू शकतो, तेवढीच वाक्यं तुमच्याबद्दल काही सांगतात.

आता हे पाहा:

‘उपचार आणि शालेय शिक्षणाचा खर्च करातून व्हावा, माझा कर वाढला तरी. दवाखाने आणि शाळा सरकारनेच चालवाव्यात असा आग्रह नाही. पैसा सार्वजनिक असावा, चालवणारा कोणीही असो. वारसा कर असावा, मात्र राहत्या घराला सूट. भाषणावर बंदी फक्त हिंसेची थेट चिथावणी असेल तेव्हा, आणि ती न्यायालयाने घालावी. भावना दुखावणं हे कारण पुरेसं नाही, भावना माझ्या असल्या तरी. पाळतीसाठी प्रत्येक वेळी न्यायाधीशाची लेखी परवानगी हवी; त्यामुळे काही गुन्हेगार निसटतील, हे मान्य. स्थलांतरावर माझी खात्री दहापैकी ४ आहे: माणुसकीच्या बाजूने कल आहे, पण मजुरीवर काय परिणाम होतो ते मला नीट कळलेलं नाही. सगळ्यांत महत्त्वाचे दोन प्रश्न म्हणजे उपचार आणि पाळत. बाकीच्यावर मी तडजोड करेन.’

याला काय नाव द्याल? काही देशांत सामाजिक लोकशाहीवादी म्हणतील, काही ठिकाणी नुसता लिबरल. लिहिणाऱ्याने हवं तर शेवटी एक शब्द जोडावा, पण वाचणाऱ्याला आता त्याची गरज उरलेली नाही. शेवटचं वाक्य विशेष कामाचं आहे. कोणत्या प्रश्नावर हटणार नाही आणि कोणत्यावर हटाल हे कळल्याशिवाय तुम्ही कोणाला मत द्याल याचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही, बऱ्याचदा तुम्हालाही.

लांबीचं म्हणाल तर दीडशे शब्द पुष्कळ. त्याहून जास्त झालं तर बहुधा समर्थन शिरलेलं असतं. वर्णन आणि वकिली वेगवेगळ्या कागदांवर ठेवा. ‘पण’नंतर येणाऱ्या भागाकडे नीट बघा, कारण खरं मत पुष्कळदा तिथेच असतं. ‘तसा मी आरक्षणाच्या विरोधात नाही, पण…’ असं सुरू झालेल्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खोडून वाचला तर बोलणारा कुठे उभा आहे ते दिसतं. आणि विरोधकांच्या वर्णनाने सुरुवात करू नका. ‘मी त्या ढोंगी लोकांसारखा नाही’ यातून कळतो तो फक्त चौथा थर, आपलेपणाचा.

कागदावर तारीख टाका. वर्षाने नवीन लिहाल तेव्हा जुना शेजारी ठेवून बदललेल्या प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करा: मूल्य बदललं, समजूत बदलली, की सोबतचे लोक बदलले. तिसरी खूण करताना हात थोडा अडखळतो. बहुतेक जण तिथे पहिलीच करून मोकळे होतात.